दगडावर नांव कोणाचें?

आमच्या ओळखीच्या एका कुंभार बंधूंनीं परवां आम्हांस एक साधा प्रश्न केला, आणि त्याचें उत्तर आम्हांस चटकन् देतां आलें नाहीं. ते म्हणाले, "पोराच्या शाळेंत आडनांव विचारलें, तें मीं कुंभार असें सांगितलें. घरीं येऊन पोरगा म्हणतो, बाबा, कुंभार हा तर आपला धंदा झाला. आपलें आडनांव काय? तुम्ही पेपरवाले. आतां मी त्याला काय सांगूं तें तुम्हीच सांगा." हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाहीं. आपल्या धाराशिव जिल्ह्यांत सुतार, लोहार, तेली, साळी, परीट, माळी हींच आडनांवें म्हणून लावणारीं घरें गांवोगांव आहेत. त्यांतल्या पुष्कळांस आपल्या पणज्याचें नांवही ठाऊक नाहीं. देशमुख-देशपांड्यांच्या घरीं सनदा असतात, वतनाचे कागद असतात, सात-आठ पिढ्यांच्या वंशावळी असतात. कारागिराच्या घरीं काय आहे? ऐरण आहे, चाक आहे, माग आहे, कागद नाहीं.

कागद नसेल तर दगड तरी आहे काय, याचा आम्ही शोध करूं लागलों. त्या शोधांत जें दिसलें तें वाचकांपुढें ठेवतों.

विलायतेंत एखाद्या शेतमजुराच्या नातवास आपल्या आडनांवाचा माग काढावयाचा असला, तर तो प्रथम आपल्या पूर्वजांच्या गांवच्या चर्चमध्यें जातो. तेथें भिंतींवर संगमरवरी पाट्या असतात, आवारांत थडगीं असतात, आणि बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या वह्या ठेवलेल्या असतात. बाहेर चौकांत १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाचें स्मारक असतें, आणि त्या गांवचे जे तरुण लढाईंत पडले त्यांचीं नांवें त्यावर कोरलेलीं असतात. पुष्कळ ठिकाणीं हीं नांवें वर्णानुक्रमानें आहेत. जमीनदाराचा मुलगा आणि त्याच्या पागेंतला मोतद्दार एकाच दगडावर शेजारीं शेजारीं आहेत. त्या देशांत उंच-नीच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. चर्चमधल्या जुन्या भपकेदार पाट्या मोठ्या लोकांच्याच आहेत. परंतु मेलेल्या गरिबाचें नांवही दगडावर असावें, ही गोष्ट तेथें शंभर वर्षांपूर्वीं मान्य झाली. आमच्याकडे ती अजून पुरती मान्य व्हावयाची आहे.

आतां आपल्या घरीं येऊं. आपल्या जिल्ह्यांत तेर हें गांव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं तगर या नांवानें तें परदेशच्या व्यापाऱ्यांस ठाऊक होतें. त्याच तेरला तेरणा नदीच्या कांठीं गोरोबाकाकांची समाधि आहे. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळचे हे संत. जमलेल्या संतमंडळींच्या डोक्यावर थापटणें मारून कोणाचें मडकें पक्कें आणि कोणाचें कच्चें हें ज्यांनीं सांगितलें, ते हे गोरोबाकाका जगाला गोरा कुंभार म्हणूनच माहीत आहेत. सातशें वर्षें झालीं. त्यांचें आडनांव कोणी विचारलें नाहीं आणि कोणास त्याची गरजही वाटली नाहीं. म्हणून त्या पोराला पहिलें उत्तर हें, कीं बाळ, कुंभार हें नांव लाजेचें नाहीं. ज्या नांवाच्या समाधीपुढें वारकरी माथा टेकतो तें हें नांव आहे.

पण हें उत्तर अर्धेंच झालें. गोरोबाकाकांचें नांव राहिलें तें त्यांच्या भक्तीमुळें. तेरच्या मातीचीं भांडीं व खेळणीं ज्या पिढ्यान् पिढ्यांच्या कुंभारांनीं घडविलीं, त्यांचें काम आज तेथल्या वस्तुसंग्रहालयांत कांचेच्या कपाटांत ठेवलें आहे; घडविणाऱ्याचें नांव कोठेंच नाहीं.

आपल्या मुलुखांत कित्येक गांवीं मारुतीच्या पारावर, वेशींत, पडक्या महादेवाच्या देवळाजवळ उभे कोरीव दगड दिसतात. लोक त्यांना शेंदूर फांसतात आणि कोणता तरी देव समजून नारळ फोडतात. ते वीरगळ होत. खालच्या चौकटींत लढाई असते, कित्येकदां गाईगुरें असतात; मधल्या चौकटींत त्या वीराला अप्सरा वर नेतात; वरच्या चौकटींत तो शिवपिंडीची पूजा करतो; आणि अगदीं माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोंवर याची कीर्ति राहील. गांवचीं गुरें सोडवितांना जो मेला तो माणूस कोण असेल? राजा खास नव्हे. गुराखी असेल, शेतकरी असेल, गांवचा राखणदार असेल. शिल्पकारानें त्याची ढाल कोरली, तलवार कोरली, डोईचा अंबाडाही कोरला. नांव मात्र बहुतेक वीरगळांवर नाहीं. सतीच्या दगडाची गोष्ट याहून वाईट. त्यावर बाईचा नुसता कोंपरांत दुमडलेला हात आणि हातांत बांगड्या. तिचें नांव नाहीं, माहेर नाहीं, सासर नाहीं. जी जळाली तिचा हात तेवढा दगडाला उरला.

त्या काळीं नांव कोरलें नाहीं, कारण गांवाला तो माणूस तोंडपाठ होता. पुढें दुष्काळ पडले, गांवें उठलीं, पिढ्या उलटल्या; आठवण गेली आणि दगड राहिला. तोंडच्या आठवणीवर विसंबणाऱ्यांची हीच गत होते, हा पहिला धडा.

नळदुर्गच्या किल्ल्यांत बोरी नदी अडवून बांधलेला पाणीमहाल पाहण्यास पावसाळ्यांत लोक लांबून येतात. तो दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानींतला, हें वाटाड्या पोरगाही सांगतो. पण पाण्याच्या लोंढ्याखालीं चारशें वर्षें उभा असलेला तो बांध ज्या पाथरवटांनीं, वडारांनीं आणि चुना वाहणाऱ्या मजुरांनीं रचला, त्यांचें नांव कोठें शोधावयाचें? करून गेला गांव आणि कांदळकराचें नांव! जुन्या राजांना नांवें ठेवून आपणांस मोकळें होतां येणार नाहीं. आज आपल्या गांवांत सभामंडप होतो, शाळेची खोली होते, पाण्याची टाकी होते. कोनशिलेवर उद्घाटकाचें नांव असतें, अध्यक्षाचें असतें, प्रमुख पाहुण्यांचीं तर रांगच असते. ज्या गवंड्यानें ती भिंत ओळंब्यांत उभी केली, त्याचें नांव कोणत्या कोनशिलेवर आपण वाचलें आहे?

दगडावर नांव असलें म्हणजे काय होतें, याचा एक दाखला पुणें जिल्ह्यांत आहे. भीमा नदीच्या कांठीं कोरेगांवला १ जानेवारी १८१८ रोजीं कंपनीची फौज व पेशव्यांची फौज यांची लढाई झाली. १८२१ सालीं कंपनी सरकारनें तेथें स्तंभाचा पाया घातला आणि कामास आलेल्या ४९ जणांचीं नांवें त्यावर कोरलीं. त्यांत २२ नांवें महार शिपायांचीं आहेत. तीं ओळखतां कशीं येतात? त्यांना आडनांव नाहीं. शिपायाचें नांव आणि त्याच्या बापाचें नांव, आणि त्यांपुढें "नाक" हा प्रत्यय. नाक हें नायक या शब्दाचें रूप, असें कित्येक विद्वान मानतात. कंपनीनें तो स्तंभ आपल्या राज्याच्या डौलासाठीं उभारला, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. परंतु त्या २२ नांवांनीं पुढें जें काम केलें तें कंपनीच्या स्वप्नींही नव्हतें. महारांस पलटणींत घेण्याचें सरकारनें बंद केलें, तेव्हां शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं अर्ज करून आपल्या लोकांच्या जुन्या नोकरीचा हक्क सांगितला. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभाशीं गेले. १९४१ सालीं महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हां तिच्या टोपीच्या बिल्ल्यावर हाच स्तंभ होता. तुमचे पूर्वज कोठें होते, असें कोणीं विचारलें तर बोट दाखवावयास एक दगड होता. नांव म्हणजे नुसती हौस नव्हे. नांव हा पुरावा आहे, आणि गरिबाच्या हक्काची वाट पुराव्यावरून जाते.

आतां याच्या उलट दाखला पाहा. मुंबईस कुलाब्याला १८५८ सालीं पवित्र केलेलें एक मोठें चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात. सिंध व अफगाणिस्तान येथील मोहिमांत मेलेल्यांसाठीं तें बांधलें. तेथें अधिकाऱ्यांचीं नांवें लिहिलीं आहेत. साध्या शिपायांविषयीं मात्र एवढेंच म्हटलें आहे, कीं ते इतके पुष्कळ होते कीं त्यांचीं नांवें लिहितां येत नाहींत. वाहवा रे न्याय! थोडे मेले तर नांव, पुष्कळ मेले तर आंकडा.

हीच रीत पहिल्या महायुद्धानंतर आमच्या शिपायांच्या वांट्यास आली. सातारा, रत्नागिरी अशा भागांतल्या गांवांत एक लहानशी संगमरवरी पाटी सरकारनें बसविली. या गांवांतून इतके गडी लढाईस गेले, त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, बस्स! सातारा जिल्ह्यांतलें अपशिंगे, ज्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात, त्या एका गांवचे ४६ जवान त्या युद्धांत कामास आले. मराठा पलटणी इराकांत तैग्रीस नदीच्या कांठीं लढल्या. कुत येथील वेढ्यांत १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या; उपासमारीनें गांजून २९ एप्रिल १९१६ रोजीं त्या फौजेला शरण जावें लागलें, आणि कैदेंत किती तरी मेले. या मोहिमेंतल्या ज्यांना थडगें मिळालें नाहीं अशा ४०,००० हून अधिक लोकांचें स्मारक बसरा येथें उभें राहिलें. तेथें गोऱ्या शिपायाचें नांव आहे, हिंदी अधिकाऱ्याचें नांव आहे. हिंदी साध्या शिपायाच्या जागीं पलटणीच्या नांवाखालीं नुसता आंकडा आहे. जाधव, शिंदे, मोरे, पवार सारे त्या आंकड्यांत विरघळले. हुद्दा, जात, धर्म न पाहतां सर्वांस सारखें स्मारक, असें ब्रीद मिरविणाऱ्या युद्ध-कबर मंडळाचें हें काम! त्या मंडळानें स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल २०२१ सालीं बाहेर आला. हिंदी, आफ्रिकी वगैरे ४५,००० ते ५४,००० मृतांस असमान वागणूक मिळाली, आणि निदान १,१६,००० जणांचें नांवानें स्मारकच झालें नाहीं, असें त्यांत कबूल केलें आहे. मंडळानें माफीही मागितली. शंभर वर्षांनीं कां होईना, आंकड्यामागें माणूस होता हें मान्य झालें.

पण दुसऱ्याकडे बोट दाखवितांना आपल्या जिल्ह्याकडेही पाहिलें पाहिजे. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी फौज सोलापूरच्या बाजूनें निजामाच्या राज्यांत शिरली ती नळदुर्गावरून. त्याच दिवशीं त्याच भागांत दुसऱ्या शीख पलटणीचे हवालदार बचित्तरसिंग पडले. त्यांस मरणोत्तर अशोकचक्र मिळालें. त्याआधीं रझाकारांशीं लढतांना आपल्या खेड्यापाड्यांतले शेतकरी मेले. त्यांतल्या कांहींचीं नांवें हुतात्मा स्मारकांवर आहेत, आणि १७ सप्टेंबरला तेथें झेंडावंदन होतें. ज्यांचीं नांवें कोणीं सांगितलींच नाहींत, तीं राहून गेलीं. ज्या घरांत लिहितां येणारा होता, ज्याची तालुक्याला ओळख होती, त्या घरचें नांव यादींत गेलें. ज्यानें रात्रीं भाकरी पोंचविल्या, ज्या लोहारानें भाले करून दिले, त्याचें काय?

आणि आणखी एक गोष्ट, जी बोलण्यास जड आहे, पण बोलली पाहिजे. फौजी कारवाईनंतर जो सूड उगवला गेला त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें केली. सगळ्या राज्यांत निदान २७,००० ते ४०,००० माणसें मेलीं, असा तिचा अंदाज होता. आणि सर्वांत अधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. मेलेले बहुतेक मुसलमान होते, आणि त्यांत आमच्यासारखेच कष्टकरी होते. तो अहवाल कित्येक दशकें दडून राहिला आणि २०१३ सालीं लोकांस वाचावयास मिळाला. त्यांच्यासाठीं दगड नाहीं, पाटी नाहीं. रझाकारांचा जुलूम खरा, आणि हेंही खरें. एकाचें दुःख लिहिलें म्हणजे दुसऱ्याचें पुसलें जात नाहीं. ज्याला आपल्या आजोबांचें नांव हवें आहे, त्यानें शेजाऱ्याच्या आजोबांचें नांव नको म्हणूं नये.

कोणी म्हणेल, आडनांवावरून एवढा खटाटोप कशाला? आडनांव ही तरी कोठें स्थिर वस्तु आहे? हें खरें आहे. जोतीराव फुल्यांच्या घराण्याचें मूळचें आडनांव गोऱ्हे, गांव सातारा जिल्ह्यांतलें कटगुण; फुलांच्या धंद्यावरून तें फुले झालें. बाबासाहेबांच्या घराण्याचें मूळ आडनांव सकपाळ, गांव आंबडवे. आपल्या जिल्ह्याचेंच पाहा ना! पूर्वीं हा नळदुर्ग जिल्हा, मग निजाम मीर उस्मान अलीखान यांच्या नांवावरून उस्मानाबाद, आणि २०२३ पासून धाराशिव. जिल्ह्याचें नांव दोनदां बदलतें, तर माणसाचें कां बदलणार नाहीं? म्हणूनच आमचें सांगणें असें, कीं नुसत्या आडनांवाच्या मागें लागूं नका. बाप, आजा, आई, गांव, धंदा, या पांचही खुणा एकत्र असतील तरच माणूस सांपडतो.

आज या शोधाला दुसरेंही एक निमित्त झालें आहे. २०२३ पासून मराठवाड्यांत निजामी दप्तरें उघडून कुणबी नोंदी शोधण्याचें काम सरकारनें चालविलें. उर्दू व मोडी लिपी वाचणाऱ्यांस एकाएकीं भाव आला. जी दप्तरें वाळवीच्या तोंडीं होतीं, तीं माणसांच्या हातीं आलीं. दाखल्याच्या वादांत आज आम्ही शिरत नाहीं. पण जो तो त्या पानावर जातीचा एक शब्द शोधतो, त्याची नक्कल घेतो आणि निघतो. अहो, त्याच पानावर तुमच्या खापरपणज्याचें नांव आहे, त्याची जमीन आहे, त्याचा शेजारी आहे! तें पूर्ण पान वाचून घ्या. दाखला एकदां उपयोगी पडेल. तो माणूस कायमचा तुमचा आहे.

आतां काय करावें तें थोडक्यांत सांगतों.

प्रत्येक घरानें एक वही करावी. पूर्वीं बैलावर बसून येणारे हेळवी वंशावळ सांगत, तीर्थाच्या ठिकाणीं उपाध्यायांच्या वहींत नांव मिळे. दुसऱ्याच्या वहींतलें आपलें नांव पाहण्यास आपणच दक्षिणा द्यावयाची, ही रीत पुरे झाली. घरांतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसापाशीं बसावें आणि आजच लिहून घ्यावें, कारण तें माणूस उद्यां असेलच असें नाहीं. लिहितांना बायकांचीं नांवें गाळूं नयेत. आजीचें नांव, तिचें माहेर, तिचे भाऊ कोणत्या गांवचे, हें लिहिलें म्हणजे अर्धें घराणें हातीं येतें. सतीच्या दगडावरच्या हाताला नांव देण्याचा हाच मार्ग आहे.

ज्यांच्या घरीं कोणी महायुद्धांत गेल्याची आठवण आहे, त्यांनीं त्या युद्ध-कबर मंडळाच्या यादींत शोध घ्यावा. मुलांच्या मोबाइलवर तो फुकट घेतां येतो. कित्येक नोंदींत बापाचें नांव, गांव, तालुका असा पत्ता सांपडतो. मात्र इंग्रज कारकुनानें जाधवाचा जादव, जाधो असें कांहींही केलेलें असतें. म्हणून आडनांवावर न अडतां गांवाच्या नांवानें शोधावें, आणि जिल्ह्याचीं जुनीं नांवें घालून पाहावें.

वीरगळांस तेलरंग फांसूं नये, पायरीस किंवा बांधास लावूं नये. पडले असतील ते उभे करावेत, त्यांचीं छायाचित्रें घ्यावीत, आणि पुरातत्त्व खात्यास कळवावें. ज्यावर अक्षरें दिसतील तो दगड घांसूं नये, जाणत्यास दाखवावा.

आणि शेवटचें ग्रामसभेचें काम. २०२३ च्या ऑगस्टांत माझी माती माझा देश या मोहिमेंत गांवोगांव शिलाफलक बसले. आपल्या गांवच्या फलकावर कोणाचें नांव आहे आणि कोणाचें राहिलें, हें येत्या ग्रामसभेंत विचारा. नवी यादी करावयाची तर ती वर्णानुक्रमानें करा; पाटील आधीं आणि मांग शेवटीं, हा क्रम नको. ज्यांनीं विहीर खणली, तलाव बांधला, शाळेची भिंत रचली, त्या कारागिरांचींही नांवें कोनशिलेवर घाला. दोन ओळींचा खर्च फार नाहीं. उद्घाटकांची एक ओळ कमी केली कीं जागाही होते.

त्या कुंभार बंधूंस आम्हीं शेवटीं काय सांगितलें? मुलास घेऊन तेरला जा, म्हटलें. समाधीचें दर्शन घ्या, मग वस्तुसंग्रहालयांतलीं मडकीं दाखवा. ओल्या मातीवर घडविणाऱ्याच्या बोटाची खूण राहिली आहे काय, हें त्याला पाहूं द्या. घरीं आल्यावर त्याच्या आजीला विचारून वहीच्या पहिल्या पानावर त्यालाच लिहूं द्या. परवां त्यांचा निरोप आला. आजीनें पणज्याचें नांव सांगितलें, त्याच्या बापाचेंही सांगितलें, आणि ते कोणत्या गांवाहून दुष्काळांत निघाले तेंही सांगितलें. आडनांव तिलाही माहीत नव्हतें. पोरानें पानाच्या वर लिहिलें, कुंभार. आणि त्याखालीं चार पिढ्या.

आमच्या मतें त्याला त्याचें आडनांव सांपडलें.